मेरनच्या लग्नातला घोट

इंगाला यापुढे पाणीसुद्धा घट्ट करूनच द्यायचं, असं त्या बाई सांगत होत्या तेव्हा इंगा खिडकीबाहेर बघत होती. बाई कर्कवॉलहून सकाळच्या बोटीनं आमच्या बेटावर आल्या होत्या. माणसाचं गिळणं तपासणं हे त्यांचं काम. त्यांनी आधी चमच्यानं पाणी दिलं आणि गळ्यावर दोन बोटं ठेवून ते उतरताना पाहिलं. मग दही दिलं, मग भिजवलेल्या बिस्किटाचा तुकडा. पाण्यानंतर इंगा बोलली तेव्हा तिचा आवाज ओला झाला होता. एवढं मलाही कळलं.

"पातळ काहीच नको," बाई मला म्हणाल्या, आणि मग चूक लक्षात येऊन इंगाच्या चाकांच्या खुर्चीकडे वळल्या. "इंगा, पातळ पदार्थ तुमच्या श्वासनलिकेत उतरतोय. खोकलाही नीट येत नाही, म्हणून तुम्हाला कळत नाही. चहा असो, सूप असो, त्यात ही पावडर घालायची. मधासारखं होईल."

"मधाला चव असते," इंगा म्हणाली. तिचे शब्द आता सावकाश येत, ओल्या वाळूतून पाय ओढत चालावं तसे.

"याला नसते," बाई म्हणाल्या. "खरं सांगायचं तर खळीसारखं लागतं."

मला त्या बाई आवडल्या. खोटं बोलणारी माणसं आमच्या घरात बरीच येऊन गेली होती, सगळी प्रेमळ.

जाण्यापूर्वी त्यांना आणखी एक विचारायचं होतं. सगळ्यांनाच विचारतात म्हणे. सध्याच्या जगण्याला तुम्ही दहापैकी किती गुण द्याल?

"वारा कुठला आहे?" इंगानं मला विचारलं.

"आग्नेयेचा."

"मग चार. पश्चिमेचा असता तर सात दिले असते."

बाई हसल्या. इंगा गंमत करत होती, पण सगळीच नाही. आग्नेयेचा वारा असला की सील खडकावर येत नाहीत, आणि तिच्या खिडकीतून बघण्यासारखं दुसरं फारसं काही नाही.

इंगाला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला तेव्हा आमची मुलगी मेरन शाळेत जायची. आमच्या ऑर्कनीत, स्कॉटलंडच्या उत्तरेच्या या बेटांवर, हा आजार जगात सगळ्यात जास्त आहे असं डॉक्टर लोक सांगतात. का, ते त्यांनाही माहीत नाही. आम्ही त्याला नावानं बोलावत नाही. "तिला ते झालंय" म्हटलं की पुरतं. प्रत्येकाच्या घरात एखादी मावशी, एखादा चुलतभाऊ असतोच. त्यामुळे कुणी उंबऱ्यावर अडखळलं की म्हाताऱ्या बायका आधी एकमेकींकडे बघतात आणि मग चहाकडे. डॉक्टरच्या आधी त्यांना कळलेलं असतं. आणि कळलं की त्या मदतीला लागतात. इथूनच इंगाचं खरं दुःख सुरू झालं, असं मला वाटतं. माझं हे मत चूकही असेल.

इंगा हॉलमधल्या नाचांना अकॉर्डियन वाजवायची. बोटं चांगली चालत होती तेव्हाच एका हिवाळ्यात वाजवायला दुसरी मुलगी आली. "तुझ्यावर ताण नको गं." चर्चमधली फुलं दुसऱ्या कुणाकडे गेली. मेंढ्या हाकायला समुद्रकाठी सगळं बेट जातं, तेव्हा तिला गाडीत थर्मास घेऊन बसवायला लागले, आणि ती तर अजून कुंपणावरून उडी मारत होती. कुणी वाईट वागलं नाही. सगळ्यांनी तिला सांभाळलं. "आजारानं नेलं ते नेलं," ती एकदा मला म्हणाली होती, "पण त्याच्या वर्षभर आधीच लोक येऊन घेऊन जातात, सांत्वनाला आल्यासारखे, टोपी हातात धरून."

ऑक्टोबरमध्ये मेरनचं लग्न होतं. बाईंनी बॅग बंद केली तशी इंगा म्हणाली, "आणि कॉग?"

बाई मूळच्या ग्लासगोच्या. त्यांना मी सांगितलं. कॉग म्हणजे लाकडी पट्ट्या जोडून केलेलं, उभ्या कानांचं भांडं. त्यात गरम बिअर, व्हिस्की, रम, साखर आणि मिरी. लग्नाच्या जेवणानंतर पहिला घोट नवरी घेते, मग नवरा, आणि मग ते भांडं गोल कडं करून उभ्या असलेल्या माणसांच्या हातोहात फिरतं. सूर्य फिरतो त्या दिशेनं, म्हणजे डाव्या हाताच्या माणसाकडे. उलट फिरलं तर त्या जोडप्याचं बरं होत नाही. आणि ज्याच्यापुढे आलं त्यानं प्यायचंच.

"कपात थोडं काढून पावडर घालू," बाई म्हणाल्या. "चमच्यानं घेता येईल."

"खळ," इंगा म्हणाली.

बाई वळणाआड जाईपर्यंत ती खिडकीतून बघत राहिली. मग म्हणाली, "विल्फ, कॉग माझ्याकडे आला पाहिजे. भांडं. चमचा नाही. माझे हात धरणार नाहीत, तू धरशील."

"बाई काय म्हणाल्या ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. कान चांगले आहेत. धरशील?"

"हो," मी म्हणालो.

मी हो म्हणणारा माणूस आहे. जन्मभर मी ग्रंथालयात काम केलं, छोट्या बेटांवर पुस्तकांच्या पेट्या भरून पाठवल्या. कुणी म्हणालं समुद्रावरची पुस्तकं पाठव, तर हो. समुद्राची नकोत, तर हो. पुस्तकांच्या बाबतीत हे चालतं.

त्याच शनिवारी मेरन आली. ती कर्कवॉलला गुरांच्या दवाखान्यात काम करते, तिला आजार आणि औषधं कळतात. बाईंशी ती फोनवर बोलली होती. मला गोठ्याच्या मागे घेऊन गेली, कारण घरात इंगाचे कान होते.

"बाबा, ती तुला कॉगचं बोललीच असणार."

"बोलली."

"आणि तू हो म्हणालास."

मी बुटानं चिखल उकरू लागलो.

"तुझ्या तोंडावरच दिसतंय. बाबा, एक घोट चुकीच्या नळीत गेला तर न्यूमोनिया होतो. माझ्या लग्नात, माझ्या कॉगनं. मी जन्मभर लग्नाच्या दर वाढदिवसाला काय आठवू? मला शब्द दे. कॉग तिच्याकडे जाणार नाही."

वारा होता, तिचे केस तोंडावर येत होते आणि ती ते बाजूला करत नव्हती. लहानपणी रडू आवरताना ती असंच करायची.

"हो," मी म्हणालो.

असा मी दोन्हीकडे शब्द देऊन बसलो. त्यातला एक मोडावाच लागणार होता, आणि कुठला, ते मला लग्नाच्या दिवसापर्यंत ठरवता आलं नाही. रोज संध्याकाळी मी इंगाला पुस्तक वाचून दाखवत असे. त्या आठवड्यांत मी एकच पान दोनदा वाचतो आणि तिला ते कळतं, असं बऱ्याचदा झालं.

बाकी सगळं रूबीनं ठरवलं. रूबी इंगाची धाकटी बहीण. कॉगचं मिश्रण तीच करते, बेटावरच्या सगळ्या लग्नांत.

"अगदी सोपं आहे," ती मला म्हणाली. "इंगाची खुर्ची तुझ्या उजवीकडे ठेवू, जरा मागे. दारातून गार वारा येतो म्हणून सांगू. मी तिच्या पलीकडे. माझ्याकडे कॉग आला की मी तिच्या पुढून सरळ तुझ्या हातात देईन. तू पी आणि डावीकडे दे. कुणी काही बोलणार नाही, सगळ्यांना ठाऊक आहे."

"तिला काय सांगायचं?"

"काही नाही रे. आपण असं काही सांगतो का कधी?"

लग्नाच्या दिवशी वारा पडला होता. हॉलमध्ये जेवण झालं. इंगाला मी सलगम-बटाट्याचा लगदा चमच्यानं भरवला, तो तिनं आवडीनं खाल्ला. तिनं निळा झगा घातला होता, आणि मेरननं सकाळी तिचे केस बांधून दिले होते. जेवणावळीतून लोक येऊन तिच्या गालाचा मुका घेत होते. "छान दिसतेस, इंगा." "तूही दिसतोस, पण मी नवरीची आई, तुझं कारण काय?" हे ती मॅन्सीला म्हणाली. मॅन्सी म्हणजे नवऱ्या मुलाचा काका. त्यानं जाकीट इतकं घट्ट घातलं होतं की हात वर करता येत नव्हते. लोक हसले. ती मजेत होती. आणि मला माहीत होतं की ती कशाची वाट बघतेय.

टेबलं बाजूला सारली. मोठं कडं धरून सगळे उभे राहिले. रूबी वाफाळता कॉग घेऊन आली, तिनं तो मेरनच्या हातात दिला आणि आपल्या जागी येऊन उभी राहिली. मेरन प्यायली, डोळे मिटून शहारली, सगळे ओरडले. मग रोनी प्यायला. रोनी म्हणजे आमचा जावई. त्याची खेकड्यांची बोट आहे, आणि बंदरातून निघताना तो ती आधी सूर्याच्या दिशेनं वळवतो, मग लांबचा फेरा पडला तरी चालेल. रोनीकडून कॉग त्याच्या आईकडे, त्याच्या आजीकडे, मग आणखी माणसांकडे, करत करत रूबीकडे आला.

रूबी प्यायली. मग तिनं हात लांब करून, इंगाच्या पुढून, कॉग माझ्याकडे दिला.

भांडं इंगाच्या तोंडापुढून गेलं. वाफ तिच्या चेहऱ्यावरून गेली. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघितलं. तिला सगळं कळलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, भांड्याकडे बघत होती. गाडी निघून गेल्यावर माणूस रस्त्याकडे बघतो तशी.

मी घोट घेतला. आता डावीकडे वळून मॅन्सीला द्यायचा.

पुढचं मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. मी उजवीकडे वळलो, इंगाकडे. माझे हात भांड्यासकट तिच्याकडे गेले. मला वाटतं, मी तिला फक्त वास देणार होतो. मला वाटतं.

"उलट!" रोनीची आजी किंचाळली. "सूर्याच्या उलट चाललाय हा!"

एकदम गलका झाला. "अरे विल्फ, डावा हात कुठला ते कुठल्या पुस्तकात नव्हतं का?" "थांबवा त्याला कुणीतरी!" "पोरांचा संसार बुडवशील, बाबा!" लोक हसतही होते आणि घाबरलेही होते. मी तसाच थिजलो. धोका काय होता ते त्या हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, सगळ्यांच्या घरांत ते होऊन गेलं होतं, पण त्या क्षणी कुणालाच आठवलं नाही. भांडं कुठल्या दिशेला जातंय एवढंच सगळे बघत होते.

रोनी कड्यातून धावत आला. "हलू नका, विल्फ! भांडं जागेवर राहू द्या. आपण बायको हलवू!"

त्यानं खुर्चीचा ब्रेक सोडला, इंगाला माझ्यापुढून गर्रकन फिरवलं आणि माझ्या डाव्या बाजूला, मॅन्सीच्या आणि माझ्या मध्ये, आणून ठेवलं. इंगाच्या झग्याचा काठ फुलला. फिरवताना ती हसली, मोठ्यानं, तोंड उघडून.

"आता द्या," रोनी धापा टाकत म्हणाला. "आता सूर्यही खूश."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रूबीनं तोंडावर हात ठेवला होता. पलीकडे पांढऱ्या झग्यातली मेरन पुढे आली, पण मध्ये टाळ्या वाजवणारी माणसं होती, आणि ती "बाबा" म्हणाली की नाही ते मला त्या गोंगाटात ऐकू आलं नाही. तिचं तोंड मात्र मला दिसलं.

कॉग ज्याच्यापुढे आला त्यानं प्यायचंच. आणि आता तो इंगापुढे आला होता, योग्य दिशेनं.

तिनं मान वर केली. "धर," ती म्हणाली.

मी धरला. लाकडाची कड तिच्या ओठांना लावली आणि हळूच तिरकी केली. तिचा गळा मी कधी इतका निरखून पाहिला नव्हता. ती प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली. थोडं हनुवटीवरून ओघळलं. मग तिनं मान मागे घेतली आणि कड्यात जरा शांतता झाली. बहुतेक आता सगळ्यांना आठवलं होतं.

तिला खोकला आला नाही.

"मिरी कमी पडली, रूबी," ती म्हणाली. आवाज ओला होता.

हॉल हसण्यानं दणाणला. मॅन्सीनं माझ्या हातातून कॉग घेतला आणि तो पुढे गेला.

मेरन आली, आईपुढे गुडघ्यांवर बसली आणि आपल्या हातमोज्यानं तिची हनुवटी पुसली. इंगा तिला काहीतरी म्हणाली, फक्त तिच्यासाठी. माझ्याकडे मेरननं वर पाहिलं नाही. मग नाच सुरू झाला, लांबलचक दोन रांगांचा, आणि इंगा तो शेवटपर्यंत बघत बसली. पायानं ताल धरता येत नव्हता, तर पापण्यांनी धरत होती.

ताप आठवडाभरात आला. आधी तिला नुसती जास्त झोप येऊ लागली, मग श्वास घरघरू लागला. छोट्या विमानानं तिला कर्कवॉलच्या रुग्णालयात नेलं. डॉक्टर तरुण होता, विचार करून बोलणारा. मी त्याला विचारलं, त्या घोटानं झालं का. तो म्हणाला, सांगता येत नाही. तिची स्वतःची लाळच रोज थोडी थोडी चुकीच्या वाटेनं जात असणार. घोटानं झालं असेल. नसता घेतला तो घोट, तरी या हिवाळ्यात हे होण्यासारखं होतं. मी त्याचे आभार मानले. त्यानं मला आधार दिला की शिक्षा, हे मला आजही कळलेलं नाही.

मेरन मला रुग्णालयातल्या चहाच्या खोलीत घेऊन गेली. तिथं दुसरं कुणी नव्हतं.

"तू मला शब्द दिला होतास."

"दिला होता."

"रोनी झोपत नाही," ती म्हणाली. "खुर्ची मी फिरवली, म्हणतो. मला त्या क्षणी काही आठवलंच नाही, म्हणतो. विल्फ नुसते वळले होते, ते पाजणार नव्हते, मीच तिला पुढे नेऊन ठेवलं. सारखं तेच. आणि बाबा, मी त्याला नाही नाही म्हणते, पण..." ती थांबली. "पण माझ्याही डोळ्यांपुढे त्याचेच हात येतात. खुर्चीवरचे. जेवायला बसतो तेव्हा मी त्याचे हात बघते."

त्यांच्या लग्नाला अजून महिना झाला नव्हता.

मला खरं सांगायचं होतं. खरं म्हणजे, मला माहीत नाही; मी वळलो, आणि पुढे काय करणार होतो ते मला आजपर्यंत समजलेलं नाही. रोनीनं खुर्ची फिरवली नसती तर मी कदाचित तिला वास देऊन भांडं मॅन्सीला दिलं असतं आणि घरी जाऊन तिच्या नजरेला नजर दिली नसती. हे सगळं मी बोलणार होतो. शब्दही जुळवले होते.

"मी ठरवूनच वळलो होतो," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"रोनीमुळे दिशा सरळ झाली एवढंच. त्यानं खुर्ची हलवली नसती तरी मी पाजलंच असतं. उलट दिशेनं पाजलं असतं."

"कधी ठरवलंस?"

"बाई येऊन गेल्या त्याच दिवशी."

"म्हणजे गोठ्यामागे मला हो म्हणालास तेव्हा?"

"तेव्हाही."

तिनं कप खाली ठेवला. "मला वाटायचं, तुला काही ठरवता येत नाही," ती म्हणाली. "आई म्हणायची, विल्फला हो-नाही विचारू नये, त्याला त्रास होतो. तुझ्या बाजूनं मी भांडायचे तिच्याशी." मग ती उठली आणि आईच्या खोलीत गेली. दार तिनं हळूच लावलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

इंगा गुरुवारी गेली. शेवटचे दोन दिवस तिला तोंडानं काहीच द्यायचं नव्हतं. काडीवरच्या ओल्या स्पंजनं आम्ही तिचे ओठ पुसत होतो, आळीपाळीनं, मेरन आणि मी, एकमेकांशी न बोलता. तिला शुद्ध होती की नाही कोण जाणे. एकदा मी स्पंज फिरवत असताना तिनं तो ओठांत धरून ठेवला.

बेटावर आणून तिला तिच्या आईवडिलांजवळ ठेवलं. शवपेटी खाली सोडायच्या दोऱ्या जवळच्यांच्या हातात देतात. डोक्याकडची माझ्याकडे होती, पायाकडची रोनीकडे. पेटी खाली टेकेपर्यंत तो माझ्याकडेच बघत होता. मेरननं त्याला माझं बोलणं सांगितलं असावं; मला त्याच्या मनावरचं ओझं कळत होतं, आणि ते हलकं झालंय हेही दिसत होतं. मेरन रूबीजवळ उभी होती.

रोनी आता झोपतो, असं रूबी सांगते. हवा बरी असली तर शनिवारी तो मला खेकडे आणून देतो आणि बसून दोन गोष्टी बोलतो. मेरन हिवाळाभर आली नाही. दर रविवारी फोन करायची: तुझी औषधं, छप्पर, बोट वेळेवर आहे का. मी विचारायचो, तू बरी आहेस ना. हो, बाबा. तिचं हे हो माझ्यासारखंच होतं, आणि ते मला ऐकवत नसे.

मार्चमध्ये एकदा ती एकटीच आली. आईचे कपडे तिनं नीट घड्या घालून पिशव्यांत भरले, निळा झगा वेगळा काढला आणि परत कपाटात ठेवला. मग तिनं सिंकमधली भांडी धुतली. मी पुसत होतो.

"बाबा, त्या वेळी ती घाबरली होती का?" तिनं पाठमोरी राहूनच विचारलं. "तू भांडं धरलंस तेव्हा. तू जवळ होतास."

"नाही," मी म्हणालो. "मी घाबरलो होतो."

तिनं नळ बंद केला. हात ओले तसेच, ती सिंकपाशी उभी राहिली.

"मला म्हणाली होती, नाचायला जा," ती म्हणाली. "मी हनुवटी पुसत होते तेव्हा. इथं गुडघे टेकून बसू नकोस, झगा मळेल, नाच. मी गेले नाही नीट. सगळा वेळ तिच्याकडेच बघत होते, आता खोकेल, मग खोकेल म्हणून."

"तिला ते दिसत होतं."

"माहीत आहे."

बोटीची वेळ होत आली होती. मी तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. माझा गुडघा दुखतो म्हणून मला जरा वेळ लागला, आणि ती थांबली, पण तिनं हात पुढे केला नाही. दोघं सावकाश चालत गेलो. गाडीत बसताना ती म्हणाली की येत्या शनिवारी रोनीबरोबर यायला जमेल की नाही ते ती बघेल.